फायबर खरोखर भरपूर असलेले फळांचे मफिन घरी कसे करायचे?

मीठमोहर

फळ घातलं की मफिन पौष्टिक झाला, असं आपण धरून चालतो. एकदा आकडे मांडून बघा. बारा मफिनसाठी २४० ग्रॅम मैदा आणि सालासकट किसलेलं २०० ग्रॅम सफरचंद घेतलं, तर मैद्यातून साडेसहा ग्रॅमच्या आसपास फायबर येतं आणि सफरचंदातून पाच ग्रॅमच्या आत. बारा मफिनमध्ये ते विभागलं की एकाच्या वाट्याला पुरता एक ग्रॅमही येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबर सांगितलं आहे. त्यापुढे हा एक ग्रॅम म्हणजे काहीच नाही.

याचं कारण साधं आहे. सफरचंदात ८५ टक्के पाणी असतं. १०० ग्रॅम सालासकट सफरचंदात अडीच ग्रॅमच्या आत फायबर, केळ्यातही जवळपास तेवढंच, नासपतीत तीन. याउलट गव्हाच्या कोंड्यात १०० ग्रॅमला ४० ग्रॅमच्या वर, जवसात २७, अख्ख्या गव्हाच्या पिठात १० ते ११, ओट्समध्ये १०. मैद्यात पावणेतीन. म्हणून माझं मत असं पक्कं झालंय की मफिनमधलं फायबर धान्याकडून घ्यायचं, आणि फळाकडून ओलावा, आंबटगोड चव आणि थोडी गोडी घ्यायची. फळावर फायबरचा भार टाकला की मफिन गिच्च होतो आणि फायबरही हाती लागत नाही.

आता कोंड्याचे मफिन कोरडे, घशात अडकणारे होतात ही तक्रार. कोंडा पाणी खूप पितो, पण सावकाश पितो. कोरडा कोंडा पिठात मिसळून ट्रे लगेच ओव्हनमध्ये ढकलला, तर तो भाजताना आणि भाजून झाल्यावरही आजूबाजूच्या गराचं पाणी ओढत राहतो. दुसऱ्या दिवशी मफिनचा भुगा होतो. त्याला आधीच पोटभर पाणी द्यायचं, एवढाच उपाय आहे, आणि तो चुकवू नये असं मी कळकळीने सांगेन.

माझी कृती देते. बारा मफिन होतात.

९० ग्रॅम गव्हाचा कोंडा (साधारण दीड कप) ३०० मिली घट्ट ताकात भिजवायचा. घट्ट ताक नसेल तर २०० मिली दह्यात १०० मिली दूध घालून फेटून घ्या. वीस मिनिटं तसंच ठेवा. त्याच भांड्यात २०० ग्रॅम सफरचंद सालासकट जाडसर किसून, ८० ग्रॅम साखर, २ अंडी आणि ६० मिली तेल घाला. दुसऱ्या भांड्यात १५० ग्रॅम अख्ख्या गव्हाचं पीठ, २० ग्रॅम जवसाची पूड, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, अर्धा छोटा चमचा मीठ आणि दालचिनी एकत्र चाळा. चाळणीत उरलेला चाळ फेकायचा नाही, तो परत भांड्यात ओतायचा. चाळण्याचा हेतू सोडा नीट पसरावा इतकाच आहे. कोरडं मिश्रण ओल्यात घालून मोठ्या चमच्याने दहाबारा वेळा खालून वर आणा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. गुठळ्या राहिल्या तरी चालतं. शेवटी ८० ग्रॅम चिरलेले सुके आलुबुखार आणि ५० ग्रॅम अक्रोड.

ट्रेच्या वाट्या जवळजवळ काठोकाठ भरा. मैद्याच्या मफिनला दोन तृतीयांश पुरतं, पण कोंड्याचा मफिन फारसा वर येत नाही. २०० अंश सेल्सिअसला १८ ते २२ मिनिटं. पंखा चालू असेल तर १८० अंश.

फायबरची बेरीज : कोंडा साडेअडतीस ग्रॅम, पीठ १६, सफरचंद पाचच्या आत, आलुबुखार पावणेसहा, जवस साडेपाचच्या आत, अक्रोड सव्वातीन. एकूण ७३ च्या पुढे. म्हणजे एका मफिनमध्ये सुमारे ६ ग्रॅम. फळांचा, सुके आलुबुखार धरूनसुद्धा, वाटा सातवा भाग आहे. निम्म्याहून जास्त एकटा कोंडा देतो.

तुमचे प्रयोग, अडचणी, वेगळी मतं लिहा.

पारिजातक७

काठोकाठ भरायचं हे कुठेच वाचलं नव्हतं. दोन तृतीयांश भरले की बुटके मफिन होतात आणि वाटतं बेकिंग पावडर जुनी झाली. पण कोंड्याने मफिन वर का येत नाही? त्यात पीठही आहे, अंडीही आहेत.

मीठमोहर

पिठातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन जाळं तयार करतं आणि वायूचे बुडबुडे त्यात अडकतात. कोंड्याचे कण हे जाळं जागोजागी तोडतात, शिवाय ग्लुटेनला लागणारं पाणीही घेतात. भिजवलेला कोंडा मऊ असल्यामुळे कमी तोडतो. कोंडा फार जाड असेल तर मिक्सरला एकदाच फिरवून घ्या, मात्र पीठ करू नका. थोडा चरचरीत राहिला तरच गव्हाची भाजकी चव कळते.

आणि हो, जोरात ढवळून मफिन वर येईल असं वाटत असेल तर तसं होत नाही. फार ढवळलं की ग्लुटेन चिवट होतं, माथा टोकदार होतो आणि आत उभी भोकं पडतात. तोडून बघितलं की बोगद्यासारख्या लांब पोकळ्या दिसतात, ती खूण.

तोळामासा

आकडे देऊन लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. एक भर घालतो. युरोपीय संघाच्या नियमानुसार पदार्थावर 'भरपूर फायबर' असं छापायचं तर १०० ग्रॅममध्ये किमान ६ ग्रॅम फायबर लागतं. 'फायबरचा स्रोत' म्हणायला ३ ग्रॅम. तुमच्या साहित्याचं वजन अकराशे ग्रॅमच्या पुढे जातं. भाजताना दहाबारा टक्के पाणी उडालं असं धरलं तर एक मफिन ८० ते ८५ ग्रॅमचा. म्हणजे १०० ग्रॅमला सात ग्रॅमच्या पुढे. या कसोटीला तो आरामात उतरतो.

घरच्या घरी कुठलीही कृती तपासायला हीच पद्धत वापरा. प्रत्येक जिन्नसाचं वजन गुणिले त्याचं फायबर, बेरीज, भागिले एकूण वजन. पण त्यासाठी वजनकाटा हवाच. कपाने मोजलेला कोंडा आणि कपाने मोजलेलं पीठ यांच्या वजनात दुपटीचा फरक असतो. एक कप कोंडा ६० ग्रॅमच्या आतबाहेर, एक कप पीठ १२० ग्रॅम. ओट्स ९०. 'अर्धा कप पिठाऐवजी अर्धा कप कोंडा' असा बदल केला की मिश्रणाचं वजनच घटतं आणि मग बाकीचं सगळं प्रमाण बिघडतं.

सांजवेळ

साखरेचं काय? ८० ग्रॅम साखर आहे की यात. मी साखर पूर्ण काढून खजुराची पेस्ट घालते. पौष्टिक म्हणायचं आणि साखरही घालायची, हे मला पटत नाही.

मीठमोहर

सांजवेळ, मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

८० ग्रॅम भागिले बारा म्हणजे एका मफिनमध्ये पावणेसात ग्रॅम साखर. दीड छोटा चमचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीप्रमाणे मुक्त साखर (म्हणजे वरून घातलेली, तसंच मध आणि फळांच्या रसातली साखर) दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी आणि ५ टक्क्यांच्या आत असेल तर अधिक चांगलं. ते पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. त्या हिशेबात हा मफिन बसतो.

खजुरात वजनाच्या ६० टक्क्यांहून अधिक साखरच असते. १५० ग्रॅम खजुराची पेस्ट घातली तर ९० ग्रॅमच्या वर साखर मिश्रणात गेली. सोबत दहाअकरा ग्रॅम फायबर आलं, पोटॅशियम आलं, हे खरं आणि चांगलंच आहे. पण 'साखर नाही' असं म्हणता येत नाही. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्याच्या व्याख्येत तर फळांच्या प्युरी आणि पेस्टमधली साखरसुद्धा मुक्त साखरेतच मोजतात, कारण वाटताना पेशींच्या भिंती फुटतात आणि साखर मोकळी होते. अख्खा किंवा चिरलेला खजूर त्यात धरत नाहीत.

म्हणून खजूर घालायचाच तर बारीक चिरून घाला. गोडीचे तुकडे मध्येच दाताखाली येतात, आणि त्यामुळे बाकीचा मफिन कमी गोड असला तरी जिभेला खटकत नाही. मधुमेह असलेल्यांनी तरी पेस्टच्या बाबतीत स्वतःची फसवणूक करून घेऊ नये, असं मला फार वाटतं.

तोळामासा

+१. साखरेची दुसरी कामंही आहेत. ती पाणी धरून ठेवते, ग्लुटेन मऊ राखते, वरचा रंग आणते. ती पूर्ण काढली तर मफिन फिकट आणि लवकर शिळा होतो. नेहमीच्या कृतीतली साखर निम्म्यावर आणायला हरकत नसते. त्याच्या खाली जायचं तर पिकलेलं केळं किंवा किसलेलं फळ वाढवून ओलावा भरून काढावा लागतो.

सांजवेळ

वाटलेल्या खजुराचा मुद्दा नवीन होता. चिरून घालून बघते. मग पेस्टमुळे जो ओलसरपणा यायचा तो कशाने आणू?

मीठमोहर

चिरलेला खजूर किंवा आलुबुखार थोड्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि ते पाणीही मिश्रणात वापरा, ताक तेवढं कमी करा. कोरडा सुका मेवा तसाच घातला तर तोही कोंड्यासारखाच आजूबाजूचं पाणी ओढतो.

जांभळी मैना

ब्लूबेरीचे केले होते. चव छान, पण प्रत्येक बेरीभोवती हिरवट निळं कडं आलं. मुलांनी बुरशी समजून हात लावला नाही. बेरी ताज्या होत्या. काय झालं असावं?

रसायनवही

बुरशी नाही, बिनधास्त खा. बेरीच्या सालीतल्या जांभळ्या रंगद्रव्याला अँथोसायनिन म्हणतात. ते आंबट वातावरणात लालसर आणि क्षारीय वातावरणात निळं-हिरवं दिसतं. तुमच्या मिश्रणात सोडा जास्त होता किंवा त्याला पुरेसं आम्ल मिळालं नाही. अर्ध्या छोट्या चमच्या सोड्याला साधारण एक कप ताक किंवा दही लागतं. साधं दूध वापरून सोडा घातला असेल तर हेच होणार, वर साबणासारखी चवही येते. दूधच वापरायचं असेल तर सोडा काढून फक्त बेकिंग पावडर घ्या, कारण तिच्यात आम्ल आधीच असतं.

असाच प्रकार सूर्यफुलाच्या बियांचा. त्यांच्यातलं क्लोरोजेनिक आम्ल सोड्याच्या संपर्कात आलं की मफिन थंड होता होता आतून हिरवा पडतो. खाण्याला धोका काहीच नाही. सोडा कमी केला, थोडा लिंबाचा रस घातला की थांबतं.

जांभळी मैना

अगदी बरोबर! दूध आणि एक छोटा चमचा सोडा होता. गोठवलेल्या बेरी वापरल्या तर चालेल का? आणि त्या तळाशी बसू नयेत म्हणून पिठात घोळवाव्यात असं सगळे सांगतात.

रसायनवही

गोठवलेल्या चालतात, पण वितळू द्यायच्या नाहीत. फ्रीजरमधून काढून थेट शेवटच्या दोन हलवण्यांत घाला. वितळल्या की रस सुटतो आणि सगळं मिश्रण करडं होतं. थंड बेरीमुळे भाजायला तीनचार मिनिटं जास्त लागतात.

पिठात घोळवल्याने फारसा फरक पडत नाही. फळ बसतं ते मिश्रण पातळ असल्यामुळे किंवा तुकडे मोठे असल्यामुळे. कोंड्याचं मिश्रण चांगलं घट्ट असतं, त्यात बेरी आपोआप तरंगत्या राहतात. फारच काळजी वाटत असेल तर प्रत्येक वाटीच्या तळाशी एक चमचा नुसतं मिश्रण घाला आणि उरलेल्यात फळ मिसळून वर ओता.

रासबेरी मिळत असेल तर जरूर वापरा. १०० ग्रॅममध्ये साडेसहा ग्रॅम फायबर आहे. ताज्या फळांत इतकं देणारी फळं थोडीच.

अबोली

मी अंडं खात नाही. दोन अंड्यांच्या जागी काय?

मीठमोहर

एका अंड्याला एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून. दोन अंड्यांसाठी दुप्पट. पण मग कृतीतली वेगळी २० ग्रॅम जवसपूड काढून टाका, नाहीतर मफिन चिकट होतो. अंड्याची बांधणी जवसात येते, फुगवण्याची ताकद मात्र येत नाही, तेव्हा बेकिंग पावडर पाव चमचा वाढवा आणि बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं ट्रेमध्येच राहू द्या. गरम असताना उचलला तर मोडतो.

जवस अख्खे घालू नका. अख्खा दाणा बरेचदा न पचताच बाहेर पडतो. पूडही लागेल तेवढीच करावी, कारण जवसाचं तेल हवेत पटकन खवट होतं.

पारिजातक७

खवटपणावरून आठवलं. कोंड्याची पिशवी उघडली की महिन्याभरात कडवट वास येतो.

तोळामासा

कोंड्यात आणि त्याला चिकटलेल्या अंकुराच्या भागात तेल असतं, शिवाय ते तेल तोडणारी विकरंही. अख्ख्या गव्हाच्या पिठाचंही तेच. मैदा टिकतो तो हे सगळं काढून टाकल्यामुळे. कोंडा हवाबंद डब्यात फ्रीजरमध्ये ठेवा. तो गोठून दगड होत नाही, हवा तेव्हा थेट मोजून घेता येतो. मफिन कडू लागला तर आधी पिठाचा वास घेऊन बघावा, दालचिनीला दोष देण्याआधी.

नदीकाठ

जरा वेगळं मत मांडते. इथे कोंड्याचं कौतुक फार झालं. मला आतड्याच्या संवेदनशीलतेचा त्रास आहे आणि गव्हाच्या कोंड्याने पोट हमखास फुगतं, दुखतं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनातही इरिटेबल बॉवेल असलेल्यांना कोंड्यासारखं न विरघळणारं फायबर टाळायला आणि फायबर वाढवायचंच तर ओट्स किंवा इसबगोलसारखं विरघळणारं घ्यायला सांगितलं आहे. सगळ्यांसाठी एकच मफिन चांगला असं होत नाही.

मी कोंड्याऐवजी ओट्स आणि ओट्सचा कोंडा घेते. आकडा कमी भरतो, एका मफिनला चार ग्रॅमच्या आसपास, पण पोट शांत राहतं. माझ्यासाठी तोच मफिन खरा पौष्टिक.

मीठमोहर

नदीकाठ, हे लिहिलंत ते फार बरं झालं, आणि तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. धाग्याच्या सुरुवातीलाच हे यायला हवं अशा तोडीची सूचना आहे.

दोन्ही फायबरचं काम वेगळं आहे. गव्हाचा कोंडा फारसा आंबत नाही, पाणी धरून मळाचं आकारमान वाढवतो आणि आतड्यातला प्रवास वेगाने होतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हा परिणाम मान्य करताना दिवसाला किमान १० ग्रॅम गव्हाच्या कोंड्याचं फायबर अशी अट घातली आहे. या कृतीतल्या तीन मफिनइतकं ते होतं, तेव्हा एका मफिनने रात्रीत चमत्कार व्हावा अशी अपेक्षा नको. ओट्समधलं बीटा-ग्लुकन पाण्यात विरघळून घट्ट बुळबुळीत होतं, कोलेस्टेरॉल उतरवायला मदत करतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली त्याबद्दलचा दावा मान्य केला, रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन या प्रमाणात. ते ३ ग्रॅम सुमारे ७५ ग्रॅम ओट्समध्ये मिळतं.

तुमची ओट्सची कृती द्याल का?

नदीकाठ

देते की. १५० ग्रॅम ओट्स आणि ५० ग्रॅम ओट्सचा कोंडा ३०० मिली दह्याच्या पातळ मिश्रणात अर्धा तास. दोन चांगली पिकलेली केळी कुस्करून, दोन अंडी, ५० मिली तेल, ५० ग्रॅम साखर. १०० ग्रॅम ओट्सचं पीठ, बेकिंग पावडर दोन छोटे चमचे, सोडा पाव, चिमूटभर मीठ. वर १०० ग्रॅम रासबेरी आणि ४० ग्रॅम बदामाचे काप.

ओट्समध्ये ग्लुटेनचं जाळं नसतं म्हणून ढवळण्याची भीती नाही, पण हा मफिन थोडा ठिसूळ असतो. एक छोटा चमचा इसबगोल घातलं की बांधला जातो. एकच. दोन घातले तर रबरासारखा लागतो.

केळ्याची सालं पूर्ण ठिपक्यांची हवीत. कच्चट केळ्यात स्टार्च जास्त, पिकलं की त्याची साखर होते, म्हणूनच ५० ग्रॅम साखरेवर भागतं. गोठवून ठेवलेली केळी वापरली तर वितळल्यावर सुटलेलं पाणी मोजून घ्या आणि दही तेवढं कमी करा.

अबोली

ओट्सचा मफिन ग्लुटेन चालत नसलेल्यांना चालेल का? माझ्या बहिणीला सीलिॲक आहे.

नदीकाठ

पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहिलेलेच ओट्स घ्यायचे. साध्या ओट्समध्ये शेतात आणि गिरणीत गहू-बार्ली मिसळलेली असते. आणि सीलिॲक असलेल्या काही थोड्या जणांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत, तेव्हा बहिणीने तिच्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करावं. मीठमोहर यांची मूळ कृती तिच्यासाठी अजिबात नाही.

केशरकाडी

फायबर वाढवण्याबद्दल दोन ओळी. एकदम वाढवू नका. आहारात फायबर कमी असेल तर पहिल्या आठवड्यात रोज अर्धा मफिन, आणि पाणी मुद्दाम जास्त. पाण्याविना कोंडा खाल्ला तर बद्धकोष्ठ कमी होण्याऐवजी वाढू शकतो. थायरॉइडची किंवा लोहाची गोळी घेत असाल तर त्या वेळेला हा मफिन नको. फायबरमुळे थायरॉइडच्या औषधाचं शोषण घटू शकतं आणि कोंड्यातलं फायटिक आम्ल लोहाला धरून ठेवतं. किती अंतर ठेवायचं ते आपल्या डॉक्टरांकडून समजून घ्या.

पारिजातक७

मीठमोहर, आज तुमच्या कृतीने केले. वरून सुरेख, सुरीही कोरडी निघाली, पण मध्ये गिच्च लागतोय. सफरचंद रसाळ होतं आणि मी तेल निम्मं करून त्याऐवजी सफरचंदाची प्युरी घातली होती.

मीठमोहर

तिथेच सापडलं. किसलेलं रसाळ सफरचंद आणि वर प्युरी म्हणजे पाणी आणि पेक्टिन दोन्ही वाढलं. पेक्टिन पाणी घट्ट धरून ठेवतं, म्हणून मफिन भाजला तरी आत चिकट लागतो. तेलाच्या जागी प्युरी घेता येते, पण निम्म्यापर्यंतच, आणि त्या वेळी ताक ४० मिलीने कमी करायचं. तेल पूर्ण काढलं तर मफिन चिवट होतो. तेल ग्लुटेनला मऊ ठेवतं, ते काम प्युरीला जमत नाही. ६० मिली तेल बारा मफिनमध्ये म्हणजे एकाला एक छोटा चमचा. तेवढं राहू द्यावं असं मला वाटतं.

सुरी फसवते कारण ती कोंड्यातून कोरडी निघते. अन्नाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९६ ते ९८ अंश बघा. नसेल तर माथ्यावर बोटाने हलकं दाबा. खड्डा लगेच भरून आला तर झाला. आणि कोमट होईपर्यंत कापू नका, आतली वाफ अजून बसत असते.

आजचे फेकू नका. दोन भाग करून कापलेली बाजू वर ठेवून १६० अंशाला आठदहा मिनिटं भाजा.

जांभळी मैना

अननस आणि किवी घालून कुणी केलंय का?

रसायनवही

कच्चे घालू नका, निदान दही-दुधाच्या मिश्रणात भिजवून ठेवू नका. दोन्हींत प्रथिनं तोडणारी विकरं असतात, त्यामुळे दुधाची चव कडू होते. अननसाचे तुकडे पाच मिनिटं शिजवून, निथळून घातले की अडचण येत नाही. किवी शिजल्यावर रंगही उतरतो आणि चवही, त्यापेक्षा मफिनसोबत ताजी खा, फायबरही मिळेल.

नासपती मात्र जरूर घ्या, सालासकट, आणि सोबत आलं किसून. सफरचंदापेक्षा गोड आणि फायबर थोडं जास्त. फार पिकलेली नको, ती विरघळते.

सांजवेळ

चिरलेल्या खजुराचे झाले. साखर ४० ग्रॅम घेतली, खजूर ८० ग्रॅम गरम पाण्यात ठेवून. गोडी अगदी पुरेशी आहे, आणि तुम्ही म्हणालात तसं मध्येच येणारा तुकडा खरंच छान लागतो. पेस्टपेक्षा गर हलका आहे. आता पेस्ट बंद.

हे टिकवायचे कसे? घरात आम्ही दोघंच.

मीठमोहर

वा, सांजवेळ! मनापासून आनंद झाला.

दोन दिवस बाहेर, हवाबंद डब्यात तळाशी आणि वर कागदी रुमाल ठेवून. फ्रिजमध्ये ठेवू नका. स्टार्च त्या तापमानाला सगळ्यात लवकर पुन्हा कडक होतो, म्हणजे मफिन फ्रिजमध्ये बाहेरच्यापेक्षा आधी शिळा लागतो. हवा फार दमट असेल तर मात्र ओल्या फळाचे मफिन एका दिवसातच संपवा किंवा गोठवा.

गोठवायला उत्तम. पूर्ण गार झाले की एकेक गुंडाळून पिशवीत, पिशवीतली हवा दाबून काढून. तीन महिने चव टिकते. खायच्या आदल्या रात्री बाहेर काढून ठेवा, किंवा गोठलेलाच १६० अंशाला बारा ते पंधरा मिनिटं. मायक्रोवेव्हला अर्धं मिनिट पुरतं, पण मग लगेच खायचा, कारण गार झाला की चामट होतो.

दोघांसाठी आणखी एक सोय आहे. मिश्रणच फ्रिजमध्ये ठेवता येतं. दोनदा काम करणारी बेकिंग पावडर असेल, म्हणजे जिचा बराचसा वायू उष्णता लागल्यावर सुटतो, तर कोंड्याचं मिश्रण झाकून दोन दिवस चांगलं राहतं. उलट कोंडा अधिक भिजतो. सोड्याचा जोर तेवढा कमी होतो, म्हणून भाजण्याआधी पाव चमचा बेकिंग पावडर वरून भुरभुरवून दोनतीनदाच हलवा. रोज चार-चार ताजे भाजता येतील.

तोळामासा

चारच भाजताना ट्रेच्या मधल्या वाट्या वापरू नका, कडेच्या वापरा आणि एकेक सोडून भरा. हवा सगळीकडून फिरते आणि माथा चांगला गोल येतो. सुरुवातीची सहा मिनिटं २२० अंश आणि मग १८० केलं तर आणखी चांगला. पहिल्या आचेने वाफ जोरात तयार होते आणि कडा बसण्याआधी मिश्रण वर चढतं. ओव्हनचं दार मात्र त्या सहा मिनिटांत उघडायचं नाही.

पारिजातक७

दुसऱ्यांदा केले. तेल पूर्ण घेतलं, सफरचंद किसून हाताने हलकं दाबलं आणि तो रस ताकातच धरला. आतून मोकळा, ओलसर, दुसऱ्या दिवशीही भुगा नाही. पुढच्या वेळी नासपती आणि आलं. त्यात अक्रोड ठेवू की बदाम?

रसायनवही

फायबर बघायचं तर बदाम, १०० ग्रॅमला बारा साडेबारा ग्रॅम, अक्रोडात सहासातच. चवीला नासपतीशी अक्रोड जास्त जमतो. आधी १६० अंशाला आठ मिनिटं भाजून मग चिरा.